हट्टी काचबिंदू आणि सिलिअरी बॉडीवरील लेझर

काचबिंदूचा रुग्ण वर्षानुवर्षे थेंब घालत असतो आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता सिलिअरी बॉडीवर लेझर करावे लागेल." तेव्हा बरोबर आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "लेझर झाल्यावर बाबांना पुन्हा दिसू लागेल ना?" मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसू लागल्याची उदाहरणे प्रत्येक घरात असल्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर मात्र "नाही" असेच द्यावे लागते.

या लेझरने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली दृष्टी टिकावी, अथवा दृष्टी पूर्णपणे गेलेल्या डोळ्याची असह्य वेदना शमावी, यासाठी ते केले जाते. कुटुंबाने हा फरक आधी समजून घेतला नाही, तर यशस्वी झालेला उपचारही घरात निराशा आणतो. "एवढे करून काय उपयोग झाला?" असे म्हणत रुग्ण थेंब सोडून देतो आणि राहिलेला प्रकाशही गमावतो.

डोळ्यातील आवक-जावक

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव सतत खेळत असतो. बुबुळाच्या मागे, रंगीत पडद्याच्या आडोशाला, सिलिअरी बॉडी नावाचे कंकणाकृती इंद्रिय आहे. हा द्रव तेथे तयार होतो. त्याचे प्रमाण मिनिटाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात जेमतेम तीन मिलिलिटर. चहाचा चमचाही त्याने पुरता भरणार नाही. नेत्रभिंग व पारपटल, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, यांना रक्तवाहिन्या नसतात. त्यांचे पोषण हाच द्रव करतो आणि नंतर बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून गाळला जाऊन रक्तात मिसळतो.

व्यापारी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. जितकी आवक तितकी जावक असेल, तर गोदामात माल तुंबत नाही. डोळ्यातील दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका राहतो तो याच समतोलामुळे. जावकीची जाळी अरुंद झाली किंवा बंद पडली की द्रव साचतो, दाब चढतो आणि त्याचा भार डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टीच्या मुख्य नसेवर पडतो. या नसेत दहा ते बारा लाख तंतू असतात. एकदा सुकलेला तंतू पुन्हा उगवत नाही. दृष्टी आधी कडेकडेने आक्रसते, समोरचे मात्र बराच काळ स्पष्ट दिसत राहते; त्यामुळे मोठे नुकसान होईपर्यंत रुग्णाला पत्ताच लागत नाही.

आधीचे उपाय कोणते?

बहुतेक रुग्णांचा काचबिंदू थेंबांनी आटोक्यात राहतो. टिमोलॉल, डॉर्झोलामाइड यांसारखे थेंब द्रवाची आवक कमी करतात. लॅटानोप्रोस्टच्या वर्गातील थेंब जावक वाढवतात. थेंब पुरेनासे झाले, तर काही रुग्णांत जावकीच्या जाळीवरच लेझर करता येते. त्यापुढे शस्त्रक्रिया येते. १९६८ मध्ये केंब्रिजच्या केर्न्स यांनी मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी आजही जगभर केली जाते. तीत द्रवाला बाहेर पडण्यासाठी पापणीआडच्या पांढऱ्या भागात एक नवी वाट करून दिली जाते. ती वाट टिकणार नाही असे दिसल्यास डोळ्यात बारीक नळी बसवतात. परदेशी नळ्या महाग पडत. मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने २०१३ पासून देशी बनावटीचे रोपण उपलब्ध केल्यामुळे हा उपाय पुष्कळांच्या आवाक्यात आला.

हे सारे उपाय करूनही दाब उतरत नाही, किंवा डोळ्याची अवस्था अशी असते की शस्त्रक्रिया टिकण्याची आशाच अल्प असते, तेव्हा त्याला दुःसाध्य काचबिंदू म्हणतात. जावकीची वाट दुरुस्त होत नसेल, तर आवकच कमी करावी, हा विचार येथे पुढे येतो.

कोणाचा काचबिंदू हट्टी होतो?

डोळ्याला मोठी इजा झालेले, पारपटलाचे रोपण झालेले, दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेले, किंवा एकदा-दोनदा काचबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही दाब परत चढलेले रुग्ण या वर्गात येतात. व्यापारी कुटुंबांनी ज्याची विशेष धास्ती बाळगावी तो प्रकार मात्र मधुमेहातून येतो.

गुलमंडीची कापडाची पेढी असो की जाधववाडीच्या बाजार समितीतील आडत, दिवसाचे दहा-बारा तास गादीवर बसून जातात. चालणे कमी, जेवणाच्या वेळा अनियमित, आणि साखर वाढल्याचे समजूनही "दिवाळीनंतर बघू" ही वृत्ती. मधुमेह दीर्घकाळ बेफिकिरीत राहिला की दृष्टिपटलाला रक्त कमी पडते. रक्तासाठी आसुसलेले दृष्टिपटल नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचे संदेश सोडते. या नाजूक वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंत पसरतात आणि जावकीच्या कोपऱ्यावर जाळे धरून तो बुजवून टाकतात. दृष्टिपटलाची मुख्य शीर बंद पडल्यावरही असेच घडते. ते साधारण तीन महिन्यांनी दिसून येते, म्हणून जुने डॉक्टर त्याला "शंभर दिवसांचा काचबिंदू" म्हणत. अशा डोळ्यात दाब ४०-५० पर्यंत चढतो, डोळा लालभडक होतो, अर्धे डोके ठणकते, उलट्या होतात. येथे प्रथम दृष्टिपटलावर लेझर आणि डोळ्यात इंजेक्शन देऊन नव्या वाहिन्या सुकवाव्या लागतात. त्या मार्गाने दाब उतरला नाही की सिलिअरी बॉडीचा विचार होतो.

मेडिकल दुकानातून परस्पर घेतलेले स्टेरॉइडचे थेंब हे काचबिंदूचे आणखी एक कारण आहे. धान्याच्या धुळीने किंवा मिरचीच्या खकाण्याने डोळे चुरचुरतात, कोणीतरी सुचवलेल्या थेंबाने दोन दिवसांत आराम पडतो आणि ती बाटली महिनोन्महिने गल्ल्याशेजारी राहते. काही लोकांत त्याने दाब वाढतो आणि नसेचे नुकसान होते.

आवक कमी करण्याची नव्वद वर्षे

हा विचार नवा नाही. १९३३ मध्ये हॉलंडच्या वेव्ह यांनी आणि १९३६ मध्ये स्वित्झर्लंडच्या फोग्ट यांनी विजेच्या उष्णतेने सिलिअरी बॉडीचा काही भाग निकामी करून पाहिला. १९५० मध्ये इटलीच्या बिएत्ती यांनी उष्णतेऐवजी अतिशीत टोकाने तो भाग गोठवण्याची पद्धत आणली. दोन्ही उपाय ओबडधोबड होते. वेदना व सूज पुष्कळ होई, आणि काही डोळे दाब पार नाहीसा होऊन आक्रसून जात. १९७२ मध्ये अमेरिकेच्या ह्यू बेकमन यांनी या कामासाठी लेझर वापरले. पुढे डायोड लेझर आले आणि १९९० नंतर हीच पद्धत रूढ झाली. रुग्णाच्या कागदावर तिचे नाव "सायक्लोफोटोकोअ‍ॅग्युलेशन" किंवा संक्षेपाने "सीपीसी" असे लिहिलेले असते. बोलताना डॉक्टर नुसते "डायोड" असेही म्हणतात.

प्रत्यक्षात काय करतात?

डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. मग पेन्सिलीसारखे एक टोक डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेपासून सुमारे सव्वा मिलिमीटर मागे, टेकवतात. त्यातून ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण निघतो. पांढरा पापुद्रा ओलांडून तो आत जातो आणि सिलिअरी बॉडीतील काळसर रंगद्रव्यात शोषला जाऊन उष्णता निर्माण करतो. त्या उष्णतेने द्रव तयार करणाऱ्या पेशी निकामी होतात. एका ठिकाणी साधारण दोन सेकंद, असे पंधरा-वीस ठिकाणी बुबुळाच्या भोवती करतात. घड्याळाच्या तीन आणि नऊ या जागा टाळतात, कारण तेथून महत्त्वाच्या नसा व रक्तवाहिन्या जातात. चीर नाही, टाका नाही. काही मिनिटांत काम आटोपते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

याचे दोन सुधारित प्रकार आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन उराम यांनी दुर्बिणीची बारीक नळी डोळ्याच्या आत नेऊन, प्रत्यक्ष पाहत लेझर देण्याची पद्धत मांडली. ती प्रायः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर करतात. दुसरा प्रकार मायक्रोपल्सचा. त्यात किरण सलग न देता अतिसूक्ष्म ठोक्यांनी देतात. दोन ठोक्यांमध्ये पेशींना निवण्यास उसंत मिळते, म्हणून जाळपोळ कमी होते. दृष्टी बऱ्यापैकी शाबूत असलेल्या रुग्णांतही त्याचा विचार होऊ लागला आहे. मात्र परिणाम ओसरून ते पुन्हा करावे लागण्याची शक्यता त्यातही असतेच.

लाभ आणि धोके

सिलिअरी बॉडीचा किती भाग निकामी केला म्हणजे दाब नेमका हवा तितका उतरेल, हे आधी सांगता येत नाही. प्रत्येक डोळा वेगळा असतो. कमी लेझर दिले तर दाब पुरेसा उतरत नाही. जास्त दिले तर आवक इतकी आटते की डोळा मऊ पडतो, दृष्टी जाते आणि क्वचित डोळा आक्रसतो. निकामी झालेल्या पेशी परत जागवता येत नाहीत. म्हणूनच अनुभवी डॉक्टर पहिल्या वेळी हात राखून लेझर देतात आणि लागल्यास काही आठवड्यांनी पुन्हा देतात. दुसऱ्यांदा लेझर सांगितले म्हणजे पहिले फसले, असा अर्थ कुटुंबाने काढू नये.

लेझरनंतर काही दिवस डोळा लाल राहतो, दुखतो, सूज असते. त्यासाठी स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब देतात. त्यांमुळे जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही, हे तात्पुरते असते. दाब त्याच दिवशी उतरेल असे नाही. पूर्ण परिणाम कळण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर काचबिंदूचे कोणते थेंब व गोळ्या चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि त्यात परस्पर बदल करू नये. पुढे थेंबांची संख्या बहुधा कमी होते. ते कायमचे सुटतीलच असे नाही.

उरलेली दृष्टी या उपचाराने काही अंशी घटू शकते. डोळ्यात रक्त उतरणे, दीर्घकाळ दाह राहणे हेही संभवते. एका डोळ्यातील दाहामुळे दुसरा चांगला डोळाही आजारी पडणे ही अत्यंत विरळ, पण माहीत असावी अशी गोष्ट आहे. लेझरनंतर दुसरा डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्या डोळ्यात प्रकाशाची जाणीवही उरलेली नाही आणि जो रात्रंदिवस ठणकतो, त्याच्या बाबतीत निर्णय तुलनेने सोपा असतो. तेथे गमावण्यासारखी दृष्टी नसते. दाब उतरला की वेदना शमते, झोप लागते आणि पुष्कळांचा डोळा काढून टाकण्याचा प्रसंग टळतो. कठीण निर्णय असतो तो थोडे दिसणाऱ्या, विशेषतः एकाच डोळ्याने पाहणाऱ्या रुग्णाचा. तेथे नळी बसवणे, मायक्रोपल्स आणि नेहमीचे डायोड या तिन्ही वाटांची डॉक्टरांशी शांतपणे तुलना करावी.

होकार देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

घरातील एका जबाबदार व्यक्तीने पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. या डोळ्यात आज नेमकी किती दृष्टी आहे आणि ती वाचण्याजोगी आहे का? दाब कितीवर आणायचा आहे? नळी किंवा दुसरी शस्त्रक्रिया का नको? लेझर कोणत्या प्रकारचे आहे आणि पुन्हा करावे लागेल का? दुसऱ्या डोळ्याची अवस्था काय? वडिलांना दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तोही सांगावा. टिमोलॉलचा थेंब दमेकऱ्याला बाधू शकतो आणि दाबाच्या गोळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णास सोसत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी रुग्णालय आहे, तसेच खासगी नेत्ररुग्णालयेही आहेत. जाण्यापूर्वी काचबिंदूतज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात व डायोड यंत्र उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे. दुसरे मत हवे असल्यास पुणे-मुंबई आहेतच. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचाही रस्ता धरतात. मात्र दाब ४०-५० असताना आरक्षणाची वाट पाहत बसू नये. आधी गावातच दाब उतरवून घ्यावा आणि मग प्रवास करावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, याची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून मिळते.

चौविहार, उपवास आणि डोळ्याचा दाब

सूर्यास्तापूर्वी पाणी घ्यायचे म्हणून दोन-तीन तांबे पाणी एकदम पिण्याची सवय पुष्कळ घरांत असते. काचबिंदूच्या रुग्णाने ती सोडावी. थोड्या मिनिटांत लिटरभर पाणी प्यायल्यास डोळ्यातील दाब काही काळ चढतो. काचबिंदूच्या तपासणीत रुग्णाला मुद्दाम असे पाणी पाजून दाब किती वाढतो ते पाहण्याची पद्धतच होती. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारपासून थोडे थोडे पाणी घ्यावे. शीर्षासनही टाळावे; त्या अवस्थेत डोळ्यातील दाब बराच वाढतो.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात "आज उपवास आहे" म्हणून थेंब न घालणारे श्रावक-श्राविका आढळतात. आठ दिवस थेंब बंद म्हणजे आठ दिवस नसेवर भार. थेंबांविषयी मनात शंका असेल, तर पर्वापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून ती फेडून घ्यावी. वेळेची अडचण असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. दिवसातून दोनदा घालावयाचे थेंब सकाळी सहा व सायंकाळी सहा या वेळांत बसवता येतात आणि एकदाच घालावयाच्या थेंबाचीही सोयीची वेळ ठरवून घेता येते. दाबाच्या गोळ्या चालू असताना निर्जल उपवास करू नये. या गोळ्यांनी लघवी वाढते आणि शरीर कोरडे पडते. लेझरनंतरच्या पहिल्या आठवड्यांत अठ्ठाईसारखी मोठी तपश्चर्या डॉक्टरांना विचारल्याविना आरंभू नये.

थेंब घालण्याचीही रीत आहे. एकच थेंब घालावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. म्हणजे औषध घशात न उतरता डोळ्यातच राहते. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

घरातील इतरांची तपासणी

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर इतरांपेक्षा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशा घरातील प्रत्येकाने चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासावेत. नुसता दाब पाहणे पुरेसे नाही. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेने २००६ ते २००९ या काळात जवळच्या ग्रामीण भागातील ४,७११ प्रौढांची पाहणी केली. त्यांत पारपटलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन भरली. पाश्चात्त्य लोकांत ती साधारण ५४० च्या पुढे असते. पारपटल पातळ असले की यंत्रावर दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो. म्हणून दाबाबरोबर पारपटलाची जाडी, जावकीचा कोपरा, नसेची अवस्था आणि दृष्टिक्षेत्र ही सर्व तपासणी करून घ्यावी.

"मोतीबिंदू अजून पिकला नाही" असे समजून थांबलेल्या वृद्धांपैकी काहींची दृष्टी प्रत्यक्षात काचबिंदू नेत असतो. समाजाच्या वतीने ठिकठिकाणी मोतीबिंदूची शिबिरे भरतात, नेत्रदानाचे संकल्प होतात. काचबिंदूने दृष्टी गेलेली व्यक्तीही नेत्रदान करू शकते, हे तेथे आवर्जून सांगावे. त्याच शिबिरात चाळिशीपुढील प्रत्येकाचा दाब मोजून नस पाहण्याची आणि मधुमेहींचे दृष्टिपटल तपासण्याची व्यवस्था केली, तर सिलिअरी बॉडीवर लेझर करण्याची वेळ कित्येकांवर येणारच नाही. पुढच्या शिबिराची तारीख ठरवताना कार्यकर्त्यांनी नेत्रतज्ज्ञांशी एवढे आधी बोलून घ्यावे.